चेहरा कोणाचा, भाव कोणता

मेंदूविकाराच्या तपासणीत चेहरे न ओळखण्याची तक्रार त्या नावाने क्वचितच येते. रुग्णाला घेऊन आलेले नातेवाईक सांगतात की नजर अधू झाली आहे, चष्म्याचा नंबर बदलूनही फरक पडला नाही, किंवा विसरणे फार वाढले आहे. मग एकेक प्रसंग बाहेर पडतो. सून समोर येऊन उभी राहिली तरी सासऱ्यांनी तिला "कोण पाहिजे?" असे विचारले, लग्नकार्यात सख्ख्या भावाजवळून ते न बोलता पुढे निघून गेले. तपासणाऱ्याचे पहिले काम म्हणजे ही तक्रार डोळ्यांची नाही आणि एकंदर स्मरणशक्तीचीही नाही, याची खात्री करून घेणे. रुग्ण वर्तमानपत्र वाचतो, घड्याळ, कात्री, पेला ओळखतो, सकाळी काय खाल्ले ते सांगतो. फोटोतली व्यक्ती बाई आहे, साठीच्या आसपासची आहे, नाक सरळ आहे, ती हसते आहे, हेही तो बिनचूक सांगतो. ती आपली बायको आहे, एवढेच त्याला कळत नाही. तीच बायको दाराबाहेरून "अहो, पाणी हवंय का?" म्हणाली की त्याला लगेच ओळख पटते. आवाजावरून, चालीवरून, साडीवरून माणूस पटतो. चेहऱ्यावरून पटत नाही.

अशा रुग्णांची वर्णने एकोणिसाव्या शतकापासून सापडतात. इटलीतील क्वालिनो आणि बोरेल्ली यांनी १८६७ मध्ये असा एक रुग्ण नोंदवला होता. या विकाराला प्रोसोपॅग्नोसिया हे नाव मात्र जर्मन मेंदूविकारतज्ज्ञ योआखिम बोडामर यांनी १९४७ मध्ये दिले. त्यांच्या रुग्णांपैकी एक २४ वर्षांचा तरुण डोक्याला गोळी लागून जखमी झाला होता. त्याला घरची माणसे ओळखता येत नव्हती, आरशातला स्वतःचा चेहराही ओळखू येत नव्हता. बोडामर यांचे म्हणणे असे होते की चेहरा ओळखणे ही इतर वस्तू ओळखण्याहून वेगळी क्षमता आहे आणि ती एकटीच नाहीशी होऊ शकते. पुढची पन्नास वर्षे या म्हणण्यावर वाद चालला, आणि त्याचा काही भाग अजून मिटलेला नाही.

तपासणीसाठी कोणते चेहरे वापरावेत, हा प्रश्न दिसतो तेवढा सोपा नाही. परदेशी चाचण्यांमधले नट आणि राजकारणी इकडच्या रुग्णाला मुळातच ठाऊक नसतात. ते ओळखता आले नाहीत यावरून काहीच ठरत नाही. म्हणून ओळखीचे चेहरे निवडायचे, तर तिथे दुसरी अडचण उभी राहते. गांधीजी चष्म्यावरून आणि टकलावरून ओळखू येतात. शिवाजी महाराजांचे चित्र जिरेटोप, दाढी आणि गंध यांवरून शाळकरी मूलही सांगते. डॉ. आंबेडकर निळ्या कोटावरून पटतात, लता मंगेशकर दोन वेण्यांवरून आणि पांढऱ्या साडीवरून. ज्या रुग्णाचे चेहऱ्यांचे ज्ञान पूर्ण गेले आहे, तोही या चित्रांना अचूक नाव देतो आणि तपासणाऱ्याची फसगत होते. यावर उपाय घरच्याच फोटोंचा. कुटुंबाकडून भाऊ, मुले, जावई, शेजारी यांचे फोटो मागवावेत, केस, कान आणि कपडे कापून फक्त चेहरा ठेवावा, आणि त्यांत त्याच वयाचे अनोळखी चेहरे मिसळावेत. याइतकी स्वस्त आणि खरी तपासणी दुसरी नाही.

छापील चाचण्यांचेही एक व्यंग आहे. बेंटन यांच्या प्रसिद्ध चाचणीत वर दिलेला अनोळखी चेहरा खालच्या सहा चेहऱ्यांत शोधायचा असतो. चेहरे न ओळखणारे काही रुग्ण यात चांगले गुण मिळवतात, कारण ते भुवईशी भुवई आणि जिवणीशी जिवणी ताडून पाहत बसतात. निरोगी माणसाला जिथे क्षणभर लागतो तिथे त्यांना कित्येक मिनिटे लागतात. गुणपत्रिकेत हा वेळ उतरत नाही. शेजारी बसून पाहणाऱ्यालाच तो दिसतो. त्यामुळे किती उत्तरे बरोबर आली यापेक्षा ती कशी आली, हे लिहून ठेवणे अधिक मोलाचे ठरते. ड्युशेन आणि नाकायामा यांनी २००६ मध्ये तयार केलेल्या केंब्रिज चाचणीत चेहरे आधी लक्षात ठेवायचे असतात आणि ते पुढे वेगळ्या कोनातून, वेगळ्या उजेडात दाखवले जातात. तिथे ही ताडून पाहण्याची युक्ती फारशी चालत नाही.

निरोगी मेंदू चेहरा असा तुकड्यातुकड्याने पाहत नाही. तो सबंध चेहरा एकदम घेतो: डोळ्यांमधले अंतर, नाक आणि ओठ यांमधली जागा, साऱ्यांचा एकमेकांशी असलेला मेळ. याचा पुरावा फोटो उलटा धरला की मिळतो. रॉबर्ट यिन यांनी १९६९ मध्ये दाखवले की उलटी केलेली कोणतीही वस्तू ओळखायला थोडी अवघड जाते, पण उलटा चेहरा त्या मानाने फारच अवघड जातो. १९८० मध्ये यॉर्क विद्यापीठातील पीटर थॉम्पसन यांनी मार्गारेट थॅचर यांच्या फोटोतले डोळे आणि तोंड कापून उलटे चिकटवले. तो फोटो पूर्ण उलटा धरला तर काही बिघडल्यासारखे वाटत नाही. सुलटा केला की अंगावर काटा येतो. ज्यांची चेहरा ओळखण्याची शक्ती गेली आहे, त्यांच्यात मात्र सुलट्या-उलट्यातला हा फरक पुसट होतो. सुलटा चेहराही ते उलट्यासारखाच, भाग मोजत पाहतात. रुग्णाची अडचण घरच्यांना समजावून सांगायची असेल, तर त्यांच्याच अल्बममधला फोटो उलटा धरून "हे कोण?" असे विचारावे. लांबलचक व्याख्यानापेक्षा हे चटकन पोहोचते.

हे काम मेंदूत नेमके कुठे होते, याचा शोध माकडांपासून सुरू झाला. चार्ल्स ग्रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांना माकडाच्या टेम्पोरल लोबच्या खालच्या भागात अशा पेशी आढळल्या, ज्या चेहरा दिसला की जोराने संदेश देत. १९९७ मध्ये नॅन्सी कॅनविशर यांच्या गटाने एफएमआरआय तपासणीत माणसाच्या मेंदूच्या तळाशी, फ्युजिफॉर्म नावाच्या वळीत, चेहऱ्यांना विशेष प्रतिसाद देणारा भाग दाखवला. बहुतेकांमध्ये तो उजव्या बाजूला अधिक ठळक असतो. २००६ मध्ये डोरिस त्साओ आणि सहकाऱ्यांनी माकडाच्या अशाच एका भागातल्या पेशी एकेक करून तपासल्या, तेव्हा त्यातल्या ९७ टक्के पेशी चेहऱ्यांसाठीच काम करणाऱ्या निघाल्या. वेगही मोजला गेला आहे. चेहरा दिसल्यानंतर सुमारे १७० मिलिसेकंदांनी डोक्यावरच्या इलेक्ट्रोडमध्ये एक ठरावीक लहर उमटते, आणि उलट्या चेहऱ्याला ती किंचित उशिरा येते.

स्कॅनवर एखादा भाग उजळतो म्हणून तो त्या कामाला लागतोच, असे म्हणता येत नाही. त्यासाठी तो भाग छेडून पाहावा लागतो. अपस्माराच्या शस्त्रक्रियेपूर्वी काही रुग्णांच्या मेंदूवर इलेक्ट्रोड बसवावे लागतात, तेव्हा ही संधी मिळते. स्टॅनफर्ड येथे जोसेफ परवीझी यांच्या गटाने २०१२ मध्ये अशा एका रुग्णाच्या फ्युजिफॉर्म भागात सौम्य विद्युत्‌प्रवाह सोडला. समोर बसलेल्या डॉक्टरांचा चेहरा बदलून ते दुसरेच कोणी झाले, असे रुग्णाने सांगितले. बाकी सारे जसेच्या तसे होते. बदलला तो फक्त चेहरा. प्रवाह थांबताच चेहरा पूर्ववत झाला. पुढच्या रुग्णांमध्ये असा विपर्यास उजव्या बाजूला छेडल्यावर आढळला, डाव्या बाजूला नाही. बोडामर यांनी जखमी सैनिकांवरून जे अनुमान केले होते, त्याला इतका थेट पुरावा क्वचितच मिळाला असेल.

यानंतर येतो तो या साऱ्या कामातला सर्वांत विचार करायला लावणारा भाग. बायकोला न ओळखणारा तो रुग्ण ती हसते आहे हे सांगू शकला होता. काही रुग्णांची गत याच्या नेमकी उलट असते: माणसे सारी ओळखतात, पण समोरचा रागावला आहे की घाबरला आहे, हे त्यांना उमगत नाही. विकी ब्रूस आणि अँडी यंग यांनी १९८६ मध्ये जी मांडणी केली, तीत याच कारणाने दोन वाटा वेगळ्या दाखवल्या. एका वाटेने चेहरा ओळखीचा ठरतो, मग त्या व्यक्तीची माहिती आठवते आणि शेवटी नाव येते. भाव वाचणे दुसऱ्या वाटेने होते. २००० मध्ये जेम्स हॅक्स्बी आणि सहकाऱ्यांनी या वाटांना मेंदूतल्या जागा दिल्या. चेहऱ्याचे न बदलणारे रूप मुख्यतः फ्युजिफॉर्म भाग पाहतो. नजर, ओठांची हालचाल आणि हावभाव यांसारख्या क्षणोक्षणी बदलणाऱ्या गोष्टी टेम्पोरल लोबच्या वरच्या खाचेजवळचा भाग पाहतो. ही विभागणी अभ्यासाला सोयीची आहे, पण ती भिंतीसारखी पक्की मानणे घाईचे ठरेल. अँडी काल्डर आणि स्वतः यंग यांनीच २००५ मध्ये तिच्यावर प्रश्न उभे केले. प्रत्यक्ष रुग्णांतही केवळ एकच वाट बंद आणि दुसरी पूर्ण मोकळी, असे शुद्ध चित्र विरळाच दिसते.

भावांच्या वाचनात अमिग्डाला या बदामाएवढ्या भागाचे नाव पुढे आले ते एका स्त्री रुग्णामुळे. शास्त्रीय लेखनात ती एस. एम. या अक्षरांनी ओळखली जाते. उरबाख–विथे या दुर्मीळ आनुवंशिक विकाराने तिच्या दोन्ही बाजूंचा अमिग्डाला नष्ट झाला होता. राल्फ अ‍ॅडोल्फ्स, डॅनियल ट्रॅनेल आणि हॅना व अँटोनियो दमासिओ यांनी १९९४ मध्ये नोंदवले की ती माणसे ओळखते, पण चेहऱ्यावरची भीती तिला ओळखता येत नाही. मग अमिग्डाला हे भीतीचे केंद्र, असे समीकरण सगळीकडे पसरले. अकरा वर्षांनी त्याच संशोधकांपैकी अ‍ॅडोल्फ्स यांच्या गटाने तिची नजर कुठे जाते ते मोजले. ती समोरच्याच्या डोळ्यांकडे पाहतच नव्हती, आणि भीती तर सर्वाधिक विस्फारलेल्या डोळ्यांतच दिसते. "डोळ्यांकडे पाहा" असे सांगितल्यावर तिला भीती इतरांइतकीच ओळखता आली. ती सूचना थांबली की चूक पुन्हा सुरू झाली. म्हणजे उणीव होती ती काय पाहावे हे आपोआप ठरवण्यात. या शोधाने तपासणीची रीतच बदलायला हवी. रुग्णाने भाव चुकीचा सांगितला, तर त्याचे डोळे फोटोत कुठे फिरत होते ते आधी पाहावे आणि मगच निदान लिहावे.

भाव ओळखण्याच्या चाचण्यांविषयी थोडी सावधगिरी हवी. पॉल एकमन आणि वॉलेस फ्रीसन यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केलेले कृष्णधवल फोटो अजूनही सर्रास वापरले जातात. आनंद, दुःख, राग, भीती, आश्चर्य आणि किळस या सहा भावांचे ते मुद्दाम आणलेले चेहरे आहेत. खरी माणसे असा एकच भाव पूर्ण ताणून चेहऱ्यावर आणत नाहीत. भीती आणि आश्चर्य यांत निरोगी माणसेही गोंधळतात. लिसा फेल्डमन बॅरेट आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये मोठा आढावा घेऊन मांडले की एकाच भावनेत माणसे वेगवेगळे चेहरे करतात, आणि एकाच चेहऱ्यामागे वेगवेगळ्या भावना असू शकतात. वयस्क मराठी रुग्णापुढे सहा शब्दांची यादी ठेवून त्यातला एक निवडायला लावले, तर तो अवघडतो, "यांना काय झालं असेल, काका?" असे विचारले की मोकळेपणाने बोलतो, आणि त्याला किती कळते आहे याचा अंदाज त्या बोलण्यातूनच चांगला येतो.

ही क्षमता उणावली की तिचा भार घरावर पडतो. फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शियाच्या एका प्रकारात रुग्णाला दुसऱ्याचे दुःख चेहऱ्यावरून कळेनासे होते. बायको समोर रडत असताना तो शांतपणे जेवत राहतो आणि घरचे म्हणतात, "माणूस कोरडा झाला." याच रोगाने उजवा टेम्पोरल लोब झिजू लागला तर वेगळेच घडते: ओळखीच्या माणसांविषयीची माहितीच पुसली जाते, आणि चेहऱ्यावरून, आवाजावरून, नावावरूनही ती परत येत नाही. प्रोसोपॅग्नोसियात आवाज ऐकताच ओळख पटते, इथे पटत नाही. या एका फरकावर निदान फिरते, म्हणून नातेवाइकांनी फोनवर बोलताना काय होते ते नेमके सांगणे फार उपयोगाचे असते. पार्किन्सनच्या रुग्णात आणखी निराळा पेच असतो. तिथे रुग्णाचाच चेहरा ताठरतो आणि घरच्यांना वाटते की त्याला आता कशातच रस उरलेला नाही. मनात माया असूनही चेहरा ती दाखवत नाही. हे एकदा समजावले की घरातले बोलणे पुन्हा सुरू होते.

ओळखण्यात भावनेचाही वाटा असतो, हे काप्ग्रा यांच्या विकारात लख्ख दिसते. फ्रेंच मनोविकारतज्ज्ञ जोसेफ काप्ग्रा आणि रबूल-लाशो यांनी १९२३ मध्ये त्याचे वर्णन केले. रुग्ण म्हणतो, हे दिसतात अगदी आमच्या ह्यांच्यासारखे, पण ते हे नव्हेत. कोणी तोतया येऊन बसला आहे. हेडन एलिस आणि यंग यांनी १९९० मध्ये असे सुचवले की इथे चेहरा ओळखणारी वाट शाबूत असते, पण जवळच्या माणसाला पाहताच आतून जी आपुलकीची हालचाल होते ती उठत नाही. हाताच्या घामातला सूक्ष्म बदल मोजणाऱ्या उपकरणाने याला पुष्टी मिळाली. ओळखीचा चेहरा पाहून या रुग्णांत तो बदल होत नाही. गंमत अशी की प्रोसोपॅग्नोसियाच्या काही रुग्णांत, तोंडाने "ओळखत नाही" म्हणत असतानाही तो बदल होतो. रसेल बाउर यांनी १९८४ मध्ये आणि ट्रॅनेल व दमासिओ यांनी १९८५ मध्ये तो नोंदवला. विलयानूर रामचंद्रन आणि विल्यम हर्स्टाइन यांनी १९९७ मध्ये वर्णिलेला एक रुग्ण समोरच्या आईवडिलांना तोतये म्हणत असे, आणि फोनवर मात्र त्यांच्याशी नीट बोलत असे. आपल्याकडे अशा वेळी बाहेरची बाधा झाली असे समजून महिनेच्या महिने जातात. यामागे डोक्याला झालेली इजा, डिमेन्शिया किंवा मनोविकार असू शकतो, आणि त्याची तपासणी लगेच व्हायला हवी.

नाव न आठवणे ही या सर्वांहून निराळी आणि बहुधा निरुपद्रवी गोष्ट आहे. यंग, हे आणि एलिस यांनी १९८५ मध्ये २२ जणांना रोजनिशी ठेवायला सांगितली होती. समोरचा कोण, काय करतो हे आठवूनही नाव न येण्याचे प्रसंग तीत भरपूर होते. नाव आठवले पण माणूस कोण ते कळले नाही, असा एकही नव्हता. नाव साखळीच्या शेवटी असते, म्हणून तेच आधी निसटते.

ही सारी यंत्रणा जन्मतः तयार नसते, पण तिचा ओढा जन्मतः असतो. काही मिनिटांपूर्वी जन्मलेले बाळही चेहऱ्यासारख्या आकृतीमागे मान वळवते, असे १९७५ च्या एका अभ्यासात दिसले. पुढे सरावाने ती धारदार आणि अरुंद होत जाते: सहा महिन्यांचे बाळ दोन माकडांच्या चेहऱ्यांत फरक करते, नऊ महिन्यांचे करत नाही. ज्या बाळांना जन्मतः मोतीबिंदू होता आणि तो काही महिन्यांत काढला गेला, त्यांनाही मोठेपणी चेहऱ्यातली सूक्ष्म अंतरे टिपता येत नाहीत, हे २००१ मध्ये कॅनडातील डॅफ्नी मॉरर यांच्या गटाने दाखवले. डाव्या डोळ्यातून येणारे दृश्य तान्हेपणी उजव्या मेंदूकडे जाते, म्हणून केवळ डावा डोळा झाकला गेला तरी नुकसान होते, आणि केवळ उजवा झाकला गेला तर होत नाही. भारतात पवन सिन्हा यांच्या प्रोजेक्ट प्रकाशमध्ये कित्येक वर्षे अंध राहून शस्त्रक्रियेने दृष्टी मिळालेली मुले पाहिली गेली. समोर आहे तो चेहरा आहे की दुसरे काही, हे ती मुले काही महिन्यांत शिकली. उशीर झाला म्हणून शस्त्रक्रिया नाकारू नये, याला हे मोठे कारण आहे. आणि तान्ह्या बाळाच्या बुबुळात पांढरे दिसताच दाखवावे, यालाही.

मेंदूला कसलीही इजा नसताना जन्मापासूनच चेहरे न ओळखणारी माणसे सुमारे दोन टक्के असावीत, असा अंदाज आहे. मेंदूविकारतज्ज्ञ आणि लेखक ऑलिव्हर सॅक्स त्यांपैकी एक होते. अशा माणसांना आयुष्यभर गर्विष्ठ, माणूसघाणे समजले जाते. यावर औषध नाही; चाल, आवाज, केशरचना, बसण्याची जागा यांच्या आधारे ती निभावून नेतात. ओळखीच्या कोणाला असा त्रास असेल तर भेटताना आधी आपले नाव सांगावे: "मामी, मी सुनील." "सांग बघू मी कोण?" हा खेळ त्यांच्याशी कधीही खेळू नये.

आणि जी माणसे कालपर्यंत सर्वांना ओळखत होती, त्यांना आज अचानक चेहरे ओळखू येईनासे झाले, रंग फिके दिसू लागले किंवा नजरेचा वरचा डावा कोपरा नाहीसा झाला, तर तो मेंदूच्या मागच्या भागाला बसलेला पक्षाघात असू शकतो. हातपाय चालत असतात, बोलणे ठीक असते, म्हणून घरचे दुसऱ्या दिवसाची वाट पाहतात. ती पाहू नये. सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात तत्काळ न्यावे, कारण गुठळी विरघळवणारे औषध लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते.